ऑपरेशननंतर बाळाला कडेवर घ्यायला हिप सीट : पाच महिने वापरून काय वाटलं

सगळ्यात आधी हे सांगते, हिप सीटने, म्हणजे कमरेच्या पट्ट्याला लावलेल्या बाळाच्या छोट्या बैठकीने, बाळ उचलता येत नाही, उचललेलं बाळ धरून ठेवता येतं. हा फरक मला विकत घ्यायच्या आधी कुणी नीट सांगितला असता तर पहिले काही दिवस मी आणि लेक दोघी एवढ्या रडलो नसतो. म्हणून सविस्तर लिहितेय, थोडं लांबेल.

माझी केस अशी, म्हणजे तुम्हाला ताडून बघता येईल. डाव्या बाजूचं मॅस्टेक्टमी, म्हणजे स्तन काढायचं ऑपरेशन, काखेतले लिम्फ नोड (लसिकेच्या छोट्या गाठी) पण काढले, रिकन्स्ट्रक्शन, म्हणजे स्तन परत बनवणं, केलं नाही. लेक तेव्हा १० महिन्यांची, वजन साडेआठ किलो, रांगत होती आणि धरून उभी राहायला लागली होती. डॉक्टरांनी सांगितलं ६ आठवडे २ किलोच्या वर काही उचलायचं नाही, आणि ड्रेन, म्हणजे जखमेतलं पाणी बाहेर काढणाऱ्या नळ्या, आहेत तोवर हात खांद्याच्या वर न्यायचा नाही. २ किलो म्हणजे लेकीच्या वजनाचा जेमतेम चौथा हिस्सा. मी हो हो म्हणून घरी आले आणि आठव्या दिवशी ती रांगत येऊन माझा गाऊन धरून उभी राहिली, दोन्ही हात वर केले आणि "घे" म्हणाली. तेव्हा तिला एवढे दोनतीनच शब्द येत होते. मी घेतलं. विचारच केला नाही, वाकले आणि घेतलं.

त्या क्षणी काही झालं नाही, हे मुद्दाम सांगतेय कारण तिथेच फसायला होतं. दुखलं पण नाही फारसं. संध्याकाळी ड्रेनचं माप घेतलं तर आदल्या दिवशी ३५ मिली होतं ते ७० झालेलं आणि रंग परत लालसर. फोनवर सिस्टर म्हणाल्या की हालचाल जास्त झाली की वाढतं, आराम करा, आणि लालभडक व्हायला लागलं तर लगेच या. मला सांगितलेला हिशोब असा होता की सलग दोन दिवस २४ तासांत ३० मिलीच्या खाली आलं की नळी काढायची, ते त्या दिवशी अजून लांबलं. त्यात लेकीने एकदा नळीच मुठीत धरली होती, तिला ते खेळणं वाटलं. तेव्हापासून नळी कपड्याच्या आतून घेऊन पिनने अडकवायची आणि नळीच्या टोकाचा, पाणी साठणारा फुगा आतल्या खिशात ठेवायचा असं सुरू केलं. ज्यांच्या घरी रांगतं बाळ आहे त्यांनी हे पहिल्या दिवसापासूनच करा.

घरात आधीचं खांद्यावर पट्टे असलेलं कॅरियर होतं, ऑपरेशनच्या आधी ते उत्तम चालायचं. सातव्या आठवड्यात परवानगी मिळाल्यावर आधी तेच घालून बघितलं. डावा पट्टा बरोब्बर टाक्यांच्या आणि काखेच्या मधून जातो, आणि खरी अडचण दुखण्याची नाहीच, अडचण ही की काही कळतच नाही. काखेतून दंडाच्या आतल्या बाजूला जाणारी नस अशा ऑपरेशनमध्ये दुखावते किंवा तुटते, त्यामुळे तिथली कातडी बधिर असते. पट्टा घासत होता आणि मला पत्ताच नाही, आंघोळीच्या वेळी आरशात बघितलं तर दंडाच्या आत लाल वळ उठलेला. एका खांद्यावरची झोळी, म्हणजे ती रिंगवाली स्लिंग, उजव्या खांद्यावर घेऊन बघितली तरी कापड छातीवरून आडवं जातंच आणि बाळाचं डोकं नेमकं टाक्यांवर येतं. दोन्ही बाद.

मग हिप सीट. ज्यांनी बघितली नसेल त्यांच्यासाठी, रुंद कमरेचा पट्टा आणि त्याला एका बाजूला फोमची कडक छोटी बैठक, आतल्या बाजूला थोडी उतरती, म्हणजे बाळ आपल्या अंगाकडे कलतं. खांद्यावर काहीही नाही. आपण बाळाला कडेवर घेतो तेव्हा कंबर एका बाजूला काढून त्यावर त्याला बसवतो ना, तेच काम ही बैठक करते, कंबर वाकडी न करता. वजन जातं कमरेच्या हाडांवर, हात फक्त पाठीला आधार म्हणून. फिजिओला आधी नेऊन दाखवली, तिने घालायला लावली, चालायला लावलं, मग हो म्हणाली. पट्टा नाभीच्या आसपास, चांगला घट्ट. सैल राहिला की बैठक खाली सरकते, मग आपण नकळत मागे झुकतो आणि पाठ धरते, पहिल्या आठवड्यात माझी धरलीच.

आता खरा प्रश्न, बाळ त्या बैठकीवर चढणार कसं. जमिनीवरून उचलून ठेवायचं म्हटलं तर सगळं मुसळ केरात. आम्ही केलं ते असं. लेक सोफ्यावर उभी, मी समोर येऊन गुडघ्यात वाकून बसल्यासारखी होते, बैठक तिच्या बुडाच्या लेव्हलला आली की बैठकीवर थोपटून "बस" म्हणते, ती माझ्या मानेत उजव्या बाजूने हात टाकते, मी उजव्या हाताने तिला नुसती आत सरकवते आणि मग मांड्यांच्या जोरावर उठते. डावा हात फक्त तिच्या पाठीवर, उचलायला नाही. शिकायला तिला चार दिवस लागले. पहिले दोन दिवस ती सोफ्यावर नुसती हात वर करून रडायची कारण तिला माहिती होतं आई उचलते, आणि आई समोर वाकून बसलीय पण उचलत नाही हे तिला समजेना. मी पण रडले. तिसऱ्या दिवशी तिने स्वतः एक पाय बैठकीवर टाकला. तो इवलासा पाय, मोजा अर्धा निघालेला, मला आत्ताही डोळ्यांसमोर दिसतो. उतरवताना उलटं, सोफ्यावर मागे बसायचं आणि तिला बाजूला सरकू द्यायचं. पाळण्यातून, म्हणजे उंच कठड्याच्या कॉटमधून काढणं या सीटने होत नाही म्हणजे नाही, तिथे हात लांब करून वर उचलावंच लागतं. आम्ही तिची गादीच जमिनीवर घातली.

आता तक्रारी. पहिली, वेल्क्रो. पट्टा आधी जाड वेल्क्रोने लागतो आणि वरून बक्कल. हे वेल्क्रो उघडायला चांगला जोर लागतो, आणि तो जोर नेमका छाती आणि काखेतून येतो, हे ऑपरेशनच्या आधी कधी लक्षातच आलं नसतं. उजव्या हाताने ओढायचं आणि डाव्याने पट्टा नुसता दाबून धरायचा असं करते, तरी सुरुवातीला डावीकडे ओढ बसायची. शिवाय खर्रकन आवाज होतो, झोपलेलं बाळ दचकतं. दुसरी, बक्कल पाठीमागे येतं. मागे हात नेऊन बक्कल लावणं त्या बाजूच्या हाताला कितीतरी आठवडे जमत नाही, तेव्हा बैठक पाठीवर येईल असा उलटा पट्टा घालायचा, बक्कल समोर लावायचं आणि मग अख्खा पट्टा कमरेवर फिरवून घ्यायचा. फिरवण्यासाठी आतून गुळगुळीत कापडाचा कुर्ता किंवा टीशर्ट हवा, जाड सुती असेल तर गोळा होतं सगळं. बनवणाऱ्यांनी पुढे लागणारं बक्कल दिलं असतं तर काय बिघडलं असतं, सिझेरियन झालेल्या, खांदा दुखणाऱ्या, वयस्कर आज्या, सगळ्यांचीच सोय झाली असती.

तिसरी गोष्ट सीटची चूक नाही पण कुणी सांगत नाही. बाळ चांगल्या बाजूला घ्यायचं हे उघड आहे, मी पण उजवीकडे घ्यायचे. पण मग उजवा हात बाळाच्या पाठीला अडकतो आणि दार उघडणं, नळ, स्वयंपाकघरातलं भांडं, फोन, सगळं डाव्या हातावर येतं, म्हणजे ज्या हाताला जपायचं त्यालाच दिवसभर कामाला लावलं. दोन दिवसांत काखेपासून कोपरापर्यंत आत दोरी ताणल्यासारखी ओढ जाणवायला लागली, हात सरळ वर केला की ती दोरी कातडीखाली चक्क दिसायची. फिजिओ म्हणाली याला कॉर्डिंग म्हणतात, नोड काढल्यावर बऱ्याच जणींना होतं, व्यायामाने सुटतं, आणि तिने हळूहळू स्ट्रेचिंग करून घेतलं. तिनेच सांगितलं की बाळ कडेवर असताना दुसरं काम करायचंच नाही, आणि बैठक थोडी समोर घेऊन दोन्ही हात तिच्या पाठीशी हलके ठेवायचे. ही सीट हात मोकळे करणारी नाहीच, एक हात कायम बाळावर हवा, नाहीतर मागे झोकून दिलं की पडेल.

समोर घेतलं की डोकं आपटायचा प्रश्न येतो. लेक खुशीत आली की डोकं छातीवर आपटायची. एक छोटी मऊ उशी, हाताच्या पंज्याएवढी, जुन्या ओढणीत कापूस भरून आईने शिवून दिली, ती टाक्यांच्या बाजूला कपड्यात सरकवायची. गाडीतल्या सीटबेल्टखाली पण तीच. अजून एक, जे लिहायला जड जातंय. तिचं दूध अचानक तोडावं लागलं होतं. माझ्याकडे तोंड करून बसवलं की ती छातीत तोंड खुपसून शोधायची, उजवीकडे नाही मिळालं की डावीकडे. तिथे काहीच नाही. मग मी तिला बाहेर तोंड करून बसवायला लागले, खिडकीशी उभं राहून पक्षी, गाड्या, मांजर दाखवायचे, आणि माझी हनुवटी तिच्या डोक्यावर. तिला जवळ असल्यासारखं वाटायचं आणि मला पण. बाहेर तोंड करून फार वेळ नका बसवू मात्र, पाय नुसते लोंबतात, आपल्याकडे तोंड करून बसल्यावर गुडघे बुडापेक्षा थोडे वर राहतात ते बाळाच्या खुब्यासाठी बरं.

वेळेचं म्हणाल तर पहिल्या आठवड्यात एका वेळी १० मिनिटं, दिवसातून दोनदा, बस. महिन्याभराने २५ मिनिटं. खांद्यात जडपणा आला, हात सुजल्यासारखा वाटला, अंगठी घट्ट झाली की त्या दिवशी बंद.

आत्या मला सारखी म्हणायची की त्या हाताने आता जन्मभर काही उचलायचं नाही, सूज येईल. तिच्या मैत्रिणीला तसंच सांगितलेलं होतं. मी घाबरून फिजिओला विचारलं तर तिने २००९ सालचा अभ्यास सांगितला, न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेला, कॅथरिन श्मिट्झ आणि सहकाऱ्यांचा. त्यात हाताला आधीच सूज असलेल्या १४१ बायका होत्या, त्यातल्या निम्म्यांना देखरेखीखाली हळूहळू वजन वाढवत व्यायाम दिला, तर त्यांची सूज वाढली नाही, उलट ताकद वाढली आणि त्रास वाढण्याचे प्रसंग कमी आले. हळूहळू आणि देखरेखीखाली हे दोन शब्द तिने मला दोनदा म्हणून दाखवले. मी अर्ध्या किलोच्या बाटलीपासून सुरुवात केली. आत्याला पण फोनवर समजावलं, ती म्हणाली, बघ बाई, जप.

कुणी घेऊ नये तेही सांगते. रिकन्स्ट्रक्शनसाठी पोटाची कातडी आणि चरबी घेतली असेल तर हा पट्टा बरोबर त्या टाक्यांवर दाबतो, सर्जनला विचारल्याशिवाय अजिबात नाही. छातीच्या स्नायूखाली इम्प्लांट, म्हणजे कृत्रिम स्तन, असेल तर बंधनं वेगळी आणि जास्त दिवसांची असू शकतात. बाळ मान धरून नीट बसत नसेल तरी नाही. अगदी तान्हं असेल तर सीटचा उपयोगच नाही, तुम्ही बसा, मांडीवर उशी घ्या आणि दुसऱ्या कुणी बाळ आणून उशीवर ठेवू दे. आणि घरात एकट्या असाल, सोफ्यापर्यंत बाळ स्वतः येत नसेल, तर ही सीट तुमचा प्रश्न सोडवणार नाही, माणूसच लागेल, मदत मागा, नवऱ्याला, आईला, शेजारणीला, कुणालाही.

पाचात चार देते, एक बक्कल आणि वेल्क्रोसाठी कापला. घेताना बैठकीचा फोम दाबून बघा, माझ्या सीटचा पाच महिन्यांत बसला नाही, पण मैत्रिणीच्या स्वस्तातल्या सीटचा लवकर मऊ पडला आणि तिचं बाळ पुढे घसरायला लागलं. सीटचं स्वतःचं वजन पण बघा, माझी ८०० ग्रॅमच्या आसपास आहे, ते पण आपल्याच कमरेवर येतं. कव्हर निघून धुता येतं का ते विचारा.

लेक आता चालते. कडेवर यायचं असलं की "घे" म्हणत नाही, कोपऱ्यातून पट्टाच ओढत घेऊन येते आणि सोफ्यावर चढून उभी राहते. ओढत आणल्यामुळे वेल्क्रोत घरभरचे केस आणि दोरे अडकतात आणि पकड सुटायला लागते, ते दर आठवड्याला जुन्या टूथब्रशने काढायचे.