वाड्यातील रेसिडेन्सीच्या नावाखाली झालेली फसवणूक

पुरंदर तालुक्यातील एका ऐतिहासिक वाड्यात महिनाभर राहून चित्रे काढण्याची संधी, म्हणजेच 'रेसिडेन्सी', देतो असे सांगून माझ्याकडून 28 हजार रुपये उकळण्यात आले. पुण्यातील इतर काही चित्रकारही याच टोळीच्या जाळ्यात सापडले असून त्यांत नुकतीच कलामहाविद्यालयातून बाहेर पडलेली मुले आहेत, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

माहितीपत्रक अत्यंत देखणे होते. दिंडी दरवाजा, चौकातले तुळशीवृंदावन, माडीवरच्या सागवानी महिरपी, आणि सोबत न्यूयॉर्क राज्यातील 'यॅडो' या जुन्या इस्टेटीचा दाखला: 1926 पासून तेथे कलावंत राहायला येतात, तीच परंपरा आपण महाराष्ट्रात आणत आहोत, असा दावा. यॅडोमध्ये निवडलेल्या कलावंताकडून राहण्या-जेवण्याचे पैसे घेतले जात नाहीत, ही गोष्ट मात्र पत्रकात कुठेच नव्हती.

चित्रांचे नमुने पाठवल्यावर निवडपत्र आले. त्यावर जांभळ्या शाईचा गोल शिक्का आणि 'विश्वस्त' अशी सही होती. न्यासाचा नोंदणी क्रमांक नव्हता. आधी 18 हजार 'सहभाग शुल्क', मग 10 हजार 'परत मिळणारी अनामत', आणि दोन्ही रकमा एका व्यक्तीच्या खात्यावर. चित्रांच्या विम्यासाठी तिसरी मागणी आली, तेव्हा मी थेट गावी गेले.

वाडा खरा होता, पण माडीचा निम्मा भाग ढासळलेला होता. पत्रकातले छायाचित्र त्यापूर्वीचे. राखणदार म्हणाले, "ताई, तुमच्यासारखी माणसं ब्यागा घेऊन येत्यात न् माघारी जात्यात. मालक मुंबईला, वाडा कोर्टात. हितं कुणाला ठेवायचं?" भाऊबंदकीच्या वादात अडकलेली वास्तू निवडण्यामागचा हिशेब तेव्हा कळला: तिथे विचारपूस करणारा मालकच हजर नसतो.

काही प्रामाणिक संस्थाही शुल्क घेतात, त्यामुळे पैसे मागितले एवढ्यावरून कोणाला लबाड ठरवता येणार नाही. परंतु न्यास असेल तर त्याची नोंद धर्मादाय आयुक्तांकडे असते, गावठाणातील घर कोणाच्या नावे आहे हे ग्रामपंचायतीच्या नमुना 8 वरून (घरांच्या कर आकारणीची नोंद) समजते आणि भोवतालच्या जमिनीचा सातबारा घरबसल्या ऑनलाइन पाहता येतो. ज्याच्याकडे वास्तू वापरण्याचा रीतसर करार आहे, तो ते कागद दाखवायला कचरत नाही. या टोळीच्या करारनाम्यातले एक कलम मला पैशांपेक्षाही अधिक संतापजनक वाटले: निवासकाळात काढलेली सर्व चित्रे आणि त्यांचे सर्व हक्क कायमचे संस्थेचे. कॉपीराइट कायदा, 1957 च्या कलम 19 नुसार हक्क देताना कोणती कलाकृती, कोणते हक्क, किती मुदत आणि मोबदला किती हे लेखी नमूद करावे लागते. अशा सरसकट मजकुराखाली तरुण मुलांकडून सह्या घेणे हा निव्वळ दरोडा आहे.

मी सायबर फसवणुकीच्या 1930 या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवली आणि व्यवहाराचे क्रमांक, निवडपत्र व संभाषणाचे स्क्रीनशॉट सायबर पोलिसांकडे दिले. तक्रार जितक्या लवकर होईल तितकी पैसे पुढे वळवले जाण्याआधी रोखले जाण्याची शक्यता अधिक असते. माझे पैसे तोवर दुसऱ्या खात्यात गेले होते. ज्यांनी याच लोकांना पैसे दिले आहेत त्यांनी रक्कम लहान म्हणून गप्प न बसता स्वतंत्र तक्रार द्यावी, कारण त्यांचे पत्रक आता वाईजवळच्या दुसऱ्या एका वाड्याच्या छायाचित्रासह फिरत आहे आणि त्यावर अर्ज मागवणे सुरूच आहे.