बाइंडिंग एक नंबर, पानं मात्र उलटसुलट (५ पैकी ३ स्टार)

२०१९ च्या पुरात कोल्हापुरात शाहूपुरीतल्या आमच्या घरात पाणी आलं तेव्हा आण्णांच्या कपाटाचा खालचा कप्पा बुडाला, त्यात संयुक्त राष्ट्रांचे माजी सरचिटणीस बुत्रोस घालींच्या आयुष्यावरचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं. वाळवलं, पण पानं सगळी सुटी झालेली आणि खालची कड, म्हणजे नेमकी पान नंबर असतात तीच, कुजून गेलेली. परवा शेवटी ते बांधून आणलं. दुकानाचं नाव लिहीत नाही, मामा माणूस चांगलाय.

काम खरंच भारी. नुसता गोंद फासलेला नाही, दोऱ्यानं शिवलंय, कडक पुठ्ठा, मरून रेक्झिन, टेबलावर उघडं ठेवलं तर आपोआप मिटत नाही. १८० रुपयात अजून काय पाहिजे. चार दिवस सांगून अकरा लावले, ते चालायचंच.

आता घोळ. घाली कैरोचे, जन्म १९२२, कॉप्टिक ख्रिश्चन घराणं, आजोबा इजिप्तचे पंतप्रधान, १९१० ला त्यांचा खून झालेला. इथपर्यंत सगळं बरोबर. पुढचं पान उलटलं तर थेट १९९६! संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस झालेत, दुसऱ्या टर्मसाठी मतदान चाललंय, सुरक्षा परिषदेत १५ पैकी १४ मतं बाजूनं, एकटी अमेरिका विरोधात, आणि तो व्हेटो (एकट्यानं नाही म्हटलं तरी ठराव पडतो) असल्यामुळं खेळ खल्लास. आणि त्याच्या शेजारच्याच पानावर १९७७. इजिप्तचे राष्ट्राध्यक्ष सादात शत्रू इस्रायलशी बोलायला जेरुसलेमला जाणार म्हटल्यावर परराष्ट्रमंत्री इस्माईल फहमींनी राजीनामा टाकला आणि जबाबदारी येऊन पडली घालींवर, जे तोवर कैरो विद्यापीठात आंतरराष्ट्रीय कायदा शिकवत होते आणि मंत्रिमंडळात येऊन महिनाही नीट झाला नव्हता. गेले सादातांबरोबर. तारीख बघितली, १९ नोव्हेंबर. डावीकडं व्हेटोची तारीख बघितली, १९ नोव्हेंबर! मधे बरोबर १९ वर्षं. चहा गार झाला तरी मी त्या दोन पानांकडं बघत बसलोय. एकदा दुसऱ्यानं नाही म्हटलं म्हणून खुर्ची मिळाली, एकदा दुसऱ्यानं नाही म्हटलं म्हणून गेली. पानं सरळ लागली असती तर हे माझ्या बापजन्मात ध्यानात आलं नसतं.

आफ्रिकेतल्या रवांडाचं प्रकरण तर पार शेवटी, मृत्यूच्या पण नंतर लागलंय. एप्रिल १९९४ ला कत्तल चालू असताना सुरक्षा परिषदेनं तिथलं संयुक्त राष्ट्रांचं शांतिसैन्य कमी करून २७० वर आणायचं ठरवलं, त्या ओळीखाली आण्णांनी पेन्सिलीनं लिहिलंय, 'मग शिव्या ह्यालाच का?' मला काय ते सगळं पटत नाही, घालीसाहेब पण थोडे ताठच होते, पण ती पेन्सिल पुरात टिकली हेच लई झालं.

परत गेलो. म्हटलं, मामा, पानं उलटसुलट लागल्यात.
"नंबर कुठं हाईत त्याला? आणि मला इंग्लिश वाचता येतंय व्हय?"
बरोबर आहे त्यांचं. फुकट उसवून परत शिवून देतो म्हणाले, पण आण्णा पुस्तक हातातनं सोडंनात.

तुम्ही देणार असाल तर आधी घरी बसून पानांवर पेन्सिलीनं नंबर घाला, आणि परीक्षेच्या तोंडावर जाऊ नका, जर्नलवाल्या पोरांची रांग असते.