रेंड कलेक्टिव्हचा ‘द आर्ट ऑफ सेलिब्रेशन’: साऊंडवाल्याच्या कानाने

गोव्यात डिचोलीला माझा साऊंडचा धंदा आहे. चार टॉप आणि दोन बेस असे स्पीकर, सोळा चॅनलचा मिक्सर आणि सामान वाहायला एक टेम्पो. दिवाळी झाली की देवळांच्या जत्रा, जत्रांतली मराठी नाटके, मधल्या दिवसांत इगर्जींची (चर्चांची) आणि कपेलांची (लहान प्रार्थनाघरांची) फेस्तं, म्हणजे सण. मे संपेपर्यंत रात्रीचे जेवण घरी मिळत नाही. गणेश चवथीला मात्र धंदा बंद. ते दिवस मी वाड्यावरच्या आरतीत घुमट हे मातीचे तालवाद्य वाजवतो, आणि कोणी दुप्पट पैसे देतो म्हटले तरी जागचा हलत नाही.

एवढे सांगायचे कारण, ख्रिस्ती उपासनेच्या गाण्यांचा हा आल्बम मी ख्रिस्ती भाविक म्हणून ऐकलेला नाही. मिक्सरमागे उभा राहणारा आणि आरतीला बसणारा माणूस म्हणून ऐकला, आणि गेल्या डिसेंबरपासून तो माझ्या टेम्पोत सतत वाजतो आहे.

डिसेंबरात बार्देशातल्या एका कपेलाच्या फेस्ताआधी तरुण मुलांचा ‘प्रेज अँड वर्शिप’चा कार्यक्रम होता. दोन गिटार, एक व्हायोलिन, बसून हाताने वाजवायची ती लाकडी पेटी, काहोन, आणि सहा-सात गळे. तिसऱ्या गाण्याला मुख्य गाणारा मुलगा उत्साहाने स्टेजवरून खाली उतरला आणि माईक घेऊन थेट टॉपच्या तोंडासमोर आला. व्हायची तीच शिट्टी झाली. मी त्याच्या माईकचा फेडर, म्हणजे मिक्सरवरची आवाजाची सरकती खुंटी, पार खाली ओढला आणि आता गाणे पडणार म्हणून दुसऱ्या माईककडे हात नेला. गाणे पडले नाही. अंगणातल्या प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसलेली माणसे ते गात होती. पुढच्या रांगेतली एक म्हातारी, हातात रोझरी, गुडघ्यावर मूठ आपटत ठेका धरून होती. इंग्रजी शब्द तिला सगळे येत होते असे नाही, पण चाल तिने पकडली होती. मी फेडर वर नेलाच नाही. अख्खा एक अंतरा माईकशिवाय झाला आणि त्या मुलाला ते कळलेही नाही.

सामान बांधताना मुलांना विचारले, हे गाणे कोणाचे? म्हणाली, “मामा, रेंड कलेक्टिव्ह. ‘माय लाइटहाऊस’.” घरी पोचायला रात्रीचा एक वाजला. तरी हेडफोन लावून अख्खा आल्बम ऐकला आणि मगच झोपलो.

बँड उत्तर आयर्लंडमधल्या बँगोरचा. सुरुवातीला त्यांचे नाव ‘रेंड कलेक्टिव्ह एक्सपेरिमेंट’ होते, नंतर शेवटचा शब्द गळला. पहिला आल्बम २०१० चा, आणि हा ‘द आर्ट ऑफ सेलिब्रेशन’ मार्च २०१४ चा. अकरा गाणी. लोकसंगीताची वाद्ये, रॉकचा जोर आणि उपासनेचे शब्द, असा हा बाज.

बँगोर हे नाव वाचून मी थोडा शोध घेतला आणि मला फार आनंद झाला. त्या गावात सहाव्या शतकात संत कॉमगॉल यांनी मठ स्थापला. तिथले साधू पाळीपाळीने, रात्रंदिवस खंड न पडू देता स्तोत्रे गात, अशी त्या मठाची ख्याती. त्यांच्या गायनाची सातव्या शतकातली हस्तलिखित पोथी आजही इटलीत मिलानच्या आम्ब्रोसियन ग्रंथालयात आहे. वास्कोचा दामोदर सप्ताह पाहिलेल्या माणसाला ही पद्धत वेगळी समजावून सांगावी लागत नाही. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी सुरू झालेले भजन चोवीस तास चालते, एक मंडळी उठते तोवर दुसरी बसलेली असते, गाणे जमिनीवर पडू द्यायचे नाही. तरुणपणी मी दोनदा तिथे टाळ घेऊन बसलो आहे. पहाटे चारला गळा बसलेला असतो, डोळे मिटत असतात, आणि तरीही शेजाऱ्याच्या आवाजाच्या आधाराने आपला आवाज चालत राहतो. त्या आधारासाठीच हा आल्बम केला आहे असे मला वाटते. मुख्य गायकाचा गळा चांगला आहे, पण गाणी त्याच्या गळ्यासाठी बांधलेली नाहीत. धृपदाचा सूर बेताच्या उंचीवर ठेवला आहे. बाईमाणसाला, पोराला, कधीच न गाणाऱ्या बाप्याला, सगळ्यांना तो लागतो. ओळी आखूड आहेत आणि दोन ओळींच्या मध्ये श्वास घ्यायला जागा आहे. आरतीत मुख्य माणूस ओळ टाकतो आणि बाकीचे ती उचलून धरतात, तसेच इथेही घोळका ओळ उचलतो. माझ्या कानाला तो घोळका मुद्दाम थोडा विस्कळीत ठेवल्यासारखा वाटतो, आणि ते फार बरे केले. सगळे आवाज कापून-शिवून एका रेषेत बसवले असते तर ऐकणाऱ्याने तोंड उघडले नसते.

आता बँजोबद्दल. आपल्याकडे बँजो म्हटले की बुलबुलतरंग आणि मिरवणुकीतली बँजो पार्टी डोळ्यांसमोर येते. हा बँजो वेगळा. डफासारखे गोल तोंड, त्यावर ताणलेला पडदा, पुढे लांब मान आणि तारा. तार छेडली की पडदा थरथरतो, आवाज टणकन येतो आणि लगेच विझतो. म्हणून वाजवणाऱ्याला बोटे थांबवता येत नाहीत, सूर सतत पेरत राहावे लागतात. साऊंडवाल्याला ह्या वाद्याचे मोल इगर्जीत कळते. आमच्या जुन्या इगर्जींच्या चिऱ्याच्या जाड भिंती आणि उंच छत. आत टाळी वाजवली तर तिचा घुमारा बराच वेळ फिरतो. तिथे गिटार जोरात वाजवली की सूर एकमेकांत मिसळून नुसता लगदा होतो. बँजोचा सूर मुळात आखूड, त्यामुळे घुमाऱ्यातही तो सुटा ऐकू येतो. ‘जॉय’ आणि ‘माय लाइटहाऊस’ ही गाणी लोकांच्या गलक्यातही स्पष्ट राहतात, त्यात ह्या वाद्याचा मोठा वाटा आहे.

घुमटाचेही नाते इथेच लागते. मातीचे मडके, मोठ्या तोंडावर ताणलेले चामडे, आणि मागचे लहान तोंड तळहाताने उघड-झाक करत आवाज वर-खाली करायचा. पूर्वी घोरपडीचे चामडे लावत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ते बंद झाले, आता बकऱ्याचे लावतात. २०१९ मध्ये सरकारने घुमटाला गोव्याचे वारसा वाद्य म्हणून मान दिला. आमच्या आरतीत ते शामेळ हे तालवाद्य आणि कासाळे ह्या झांजा ह्यांच्याबरोबर वाजते, आणि ख्रिस्ती घरांत मांडो-दुलपद ह्या कोंकणी गीतांना व्हायोलिनच्या जोडीने तेच वाजते. म्हणजे दोन्ही घरांत देवासमोर आणि लग्नात बसलेले हे वाद्य, आणि कपेलाच्या कार्यक्रमात मात्र परदेशी काहोन. त्या मुलांना मी हे बोलून दाखवले. तेव्हा ती नुसती हसली होती.

आल्बमची पहिली चार गाणी एका दमात अंगावर येतात. ‘बर्न लाइक अ स्टार’ मला चवथ्या-पाचव्या ऐकण्यात आवडू लागले. ‘मोअर दॅन कॉन्करर्स’ मात्र अजून पटलेले नाही. पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या आठव्या अध्यायातला तो शब्द. संकट, उपासमार, तलवार ह्यांची यादी करून मग पौल म्हणतो की ह्या सगळ्यांत आम्ही विजयी होऊन उरतो. गाण्यात विजय आहे, पण त्या यादीचे वजन मला जाणवत नाही. शिवाय ड्रम इतके पुढे आहेत की ज्या बँजोचे एवढे कौतुक केले तो मागे दबतो. हे गाणे माझ्या मिक्सरवर असते तर ड्रमचे चॅनल दोन बोटे खाली आणले असते.

अशा वेळी मनात येते की ह्यांना दुःख माहीत नाही की काय. तसे म्हणणे अन्यायाचे होईल. हे लोक ज्या भूमीतून येतात तिथे प्रोटेस्टंट आणि कॅथलिक ह्यांच्यात तीस वर्षे बंदुका आणि बॉम्ब चालले, साडेतीन हजारांहून अधिक माणसे मेली, आणि १९९८ च्या गुड फ्रायडे करारानंतर कुठे शांतता आली. अशा ठिकाणच्या माणसांनी आनंदाला ‘कला’ म्हणावे, म्हणजे शिकावी लागते, रियाज करावा लागतो अशी गोष्ट म्हणावे, ह्यात खोल काहीतरी आहे. माझी तक्रार एवढीच की त्या रियाजाचा घाम गाण्यांत आणखी दिसायला हवा होता.

तो दिसतो ‘क्रिएट इन मी’मध्ये. शब्दांचे मूळ एक्कावन्नाव्या स्तोत्रात आहे. राजा दावीद पाप करून बसतो, नाथान संदेष्टा त्याला तोंडावर सांगतो, आणि मग दावीद देवाला म्हणतो की माझ्या ठायी शुद्ध हृदय उत्पन्न कर. आपल्याकडचे करुणेचे अभंग ज्या जागेवरून निघतात तीच ही जागा. इथे वाद्ये मागे सरतात आणि चाल पायरी-पायरीने चढते. एप्रिलात आमच्या घरी एक आजारपण चालू होते. रात्री इस्पितळातून परत येताना म्हापशाहून डिचोलीपर्यंत हे एकच गाणे मी किती वेळा लावले ते मोजलेले नाही.

‘ऑल दॅट आय अ‍ॅम’ त्यामानाने सपाट आहे, ‘स्ट्रेंग्थ ऑफ माय सोल’ बरे. दहावे ‘बोल्डली आय अप्रोच’ मात्र संपूर्ण उतरले आहे. जुन्या स्तोत्रासारखी भारदस्त चाल, कडव्याकडव्याने वाढत जाणारी, आणि शेवटी सगळा घोळका एकत्र. स्पीकरची परीक्षा घ्यायची असेल तर मी हेच लावतो. हळू सुरुवात नीट ऐकू आली आणि शेवटाला बेस फुटला नाही तर जोडणी बरोबर. मग ‘सिम्प्लिसिटी’ येते आणि आल्बम अगदी कमी आवाजात, जवळ बसून बोलल्यासारखा संपतो.

इतके घोटीव ज्यांना नको असेल त्यांनी त्यांचाच २०१३ चा ‘कॅम्पफायर’ ऐकावा. शेकोटीभोवती बसून, उघड्यावर केलेले ते ध्वनिमुद्रण आहे. तो मला तेवढाच आवडतो. पण गायनमंडळाला नवी गाणी बसवायची असतील तर हाच घ्या, ह्यात प्रत्येक वाद्य काय करते ते वेगळे ऐकता येते. आणि मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका, बँजो पत्र्यासारखा लागतो.

मिस्साच्या, म्हणजे इगर्जीतल्या मुख्य उपासनेच्या, गायनाऐवजी ही गाणी कोणी म्हणत नाही, म्हणूही नये. तिथे कोंकणी गायनांची स्वतःची परंपरा आहे. पण फेस्ताच्या अंगणात, तरुण मुलांच्या मेळाव्यात ती शोभतात. परकी म्हणून नाके मुरडणाऱ्यांना मला फादर स्टीफन्स आठवून द्यावासा वाटतो. इंग्लंडातून १५७९ मध्ये गोव्यात आलेला हा पाद्री ख्रिस्ताची कथा मराठी ओवीत लिहितो आणि ते ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये आमच्या रायतूरला छापले जाते. इथल्या माणसाच्या ओठांवर कोणती चाल बसते हे त्याने ऐकून घेतले. बँगोरच्या मंडळींनीही आपल्या मातीतलीच वाद्ये उचलली. आपल्या मुलांनी चाली त्यांच्याकडून घ्याव्यात, पण ठेका घरचा लावावा.

गेल्या आठवड्यात त्याच कपेलाच्या मुलांचा फोन आला. “मामा, यंदा घुमट घेऊन याल? ‘माय लाइटहाऊस’ला.” पावसाळी हवेत बकऱ्याचे चामडे सैल पडते, म्हणून घुमट दोन दिवस चुलीशेजारी ठेवला आहे. काल रात्री आल्बमबरोबर वाजवून पाहिला. धृपदाला तळहाताची उघड-झाक नेमकी बसते, कडव्याला नुसती बोटे पुरतात. ‘सिम्प्लिसिटी’ला घुमट लावायचा नाही, हे मी त्यांना आधीच सांगून ठेवले आहे.