पेडल ३५ सेकंदांत तळाला, आणि कार्डावर 'ओके'

सेकंडहँड गाडी घेऊन दोन महिने झाले. जिथून घेतली त्या शोरूमचं नाव लिहीत नाही, आमचा हिशोब अजून पूर्ण मिटलेला नाही. गाडी तशी चांगली आहे. हे परीक्षण त्यांच्या विक्रीनंतरच्या सेवेचं आहे. पाचपैकी दोन तारे.

मी शाळेच्या प्रयोगशाळेत २९ वर्षं सहायक होतो. गाड्यांमधलं मला फार कळत नाही, पण काही वेगळं दिसलं की घड्याळ लावून वहीत नोंद करायची खोड आहे.

अकराव्या दिवशी एका उतारावर सिग्नलला थांबलो होतो, पाय ब्रेकवर. पाय न हलवता तो खाली चाललाय असं वाटलं, आणि गाडी पुढच्या टेम्पोकडे सरकायला लागली. हँडब्रेक ओढला. पेडल दोनदा मारलं तर पुन्हा कडक! घरी पोचेपर्यंत स्वतःलाच समजावत होतो की भास झाला असेल.

संध्याकाळी गाडी सपाट जागी लावून, चाकांना विटा लावून बसलो. इंजिन चालू केल्यावर पेडल जरासं खाली जातं, ते बूस्टरमुळे, म्हणजे पायाचा जोर वाढवणाऱ्या भागामुळे. त्यात बिघाड काही नाही. त्यानंतर ते जिथल्या तिथे थांबायला हवं. माझं थांबत नव्हतं. हलक्या पायानं दाबून धरलं की ३५ सेकंदांत तळाला. पुन्हा केलं, ३८. पुन्हा, ३३. जोरात दाबलं तर मात्र टिच्चून उभं! ब्रेक ऑइलच्या डबीतली पातळी केसभरही उतरली नव्हती. रात्रभर गाडीखाली पुठ्ठा पसरून ठेवला, सकाळी तो कोरडा ठणठणीत.

आणि मग मी मूर्खपणा केला: तीच गाडी चालवत शोरूमला नेली.

तिथला सुपरवायझर आत बसला, दणादण दोनदा पेडल मारलं आणि म्हणाला, "काका, एकदम टाइट आहे." मी म्हटलं, अहो, हलकं दाबून धरा, मिनिटभर. तो हसला, पाचेक सेकंद धरलं, उतरला. कार्डावर लिहिलं 'ब्रेक तपासले, ओके'. चहा दिला, गाडी धुऊन दिली. इतक्या गोड माणसांशी भांडायचं तरी कसं? मला वाटतं माणसं फसतात ती इथेच. उर्मट माणसाशी आपण लगेच आवाज चढवतो, चहा पाजणाऱ्यासमोर जीभ रेटत नाही.

घराजवळच्या गॅरेजच्या मिस्त्रींनी मात्र माझी वही वाचली. ते म्हणाले, मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडल दाबलं की ब्रेक ऑइलवर दाब आणणारा भाग, आतून पास होतोय. सिलिंडरमधल्या पिस्टनवर रबरी वायसर असतात. ते झिजले की दाबलेलं ऑइल बाहेर न सांडता वायसरच्या कडेनं मागे सटकतं. म्हणून पुठ्ठा कोरडा, डबी भरलेली आणि पेडल तळाला. जोरात दाबलं की दाबामुळे वायसर भिंतीला घट्ट चिकटतो आणि सगळं ठीक वाटतं, म्हणजे सुपरवायझरची तपासणी नेमकी हा दोष लपवणारीच होती. लाइनमध्ये हवा असती तर पेडल पहिल्यापासून स्पंजासारखं लागलं असतं, असंही त्यांनी सांगितलं.

नंतर त्यांनी विचारलं, "विकण्याआधी ब्रेक ऑइल बदललं होतं का?" बदललं होतं, आणि शोरूमनं ते मोठ्या अक्षरात लिहूनही दिलं होतं. काम योग्यच. हे ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ या प्रतीचं ऑइल नवं असताना निदान २३० अंशांपर्यंत उकळायला नको, पाणी शोषल्यावर तीच किमान मर्यादा १५५ वर येते. पण जुन्या सिलिंडरमध्ये ऑइल बदलताना पेडल पार तळापर्यंत पंप केलं, की एरवी कधी न वापरल्या गेलेल्या, गंजलेल्या भागावर वायसर घासतात आणि फाटतात. माझ्या गाडीत हेच झालं असं मी छातीठोक म्हणणार नाही. शक्यता मिस्त्रींची, संशय माझा.

शोरूमला फोन केला तर उत्तर आलं, ब्रेक वॉरंटीत नाहीत, ते झिजणाऱ्या वस्तूंमध्ये येतात. वॉरंटीचा कागद काढून वाचला. तिथे ब्रेक पॅड, लायनर आणि डिस्क अशी नावं होती. मास्टर सिलिंडर कुठेच नव्हता. तेव्हा फोन बंद केले आणि लेखी पाठवलं: गाडी चालवायला धोकादायक आहे, मी ती आता रस्त्यावर आणणार नाही, तुमच्या 'ओके' लिहिलेल्या कार्डाचा फोटो सोबत जोडला आहे. शिवाय एक व्हिडिओ, त्यात पेडल आणि शेजारी भिंतीवरचं घड्याळ. घड्याळ हिनं धरलं होतं, तिचा अंगठाही दिसतो.

त्या दिवशी दुपारीच त्यांचा फोन आला. आवाज वेगळाच! गाडी उचलून न्यायला मात्र टोइंगवाला मलाच बोलवावा लागला.

आधी ते फक्त वायसर किट बदलणार होते. मी आग्रह धरला की सिलिंडर उघडून मला दाखवा. आतल्या भिंतीवर ओरखडे होते, नखाला लागत होते. मग पूर्ण नवा सिलिंडर टाकला, चार दिवसांत. काम व्यवस्थित झालं, हे मान्य करायला हवं. जुना सिलिंडर मागितला, तोही दिला. आता हलक्या पायानं दोन मिनिटं धरलं तरी पेडल हलत नाही. नोंद वहीत आहे.

एक तारा त्या कामाचा. दुसरा वॉरंटी विभागातल्या मुलीचा, जिनं व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला. टोइंगचे पैसे 'वरून मंजुरी येतेय' असं तीन आठवडे ऐकतोय. ते मिळाले की तिसरा तारा देईन. कार्डावरचा 'ओके' खोडून, खाली सही करून दिला तर चौथासुद्धा.