औषधांचा नंबर-लॉकवाला डबा: पावसाळा आणि गणपती काढल्यानंतर

मे महिन्यात घेतला, आता दिवाळी आली. घर गुहागरला, समुद्राला लागूनच. घरात रांगून उठलेलं पोर आणि सासूबाई-मामंजींच्या बीपी-शुगरच्या गोळ्या.

लोखंडी पेटी न घेता प्लास्टिकचा डबा घेतला ते बरं झालं. खाऱ्या हवेत इथे कडीकोयंडेसुद्धा टिकत नाहीत. तरी कुलपातली स्प्रिंग श्रावणात अडकू लागलीच. शिलाई मशीनचं तेल सोडलं की चालते.

खरी अडचण आकड्यांची. मामंजींना ते चष्म्याशिवाय दिसत नाहीत. "अगो, घरात चोर का शिरलेत?" म्हणत त्यांनी सकाळची गोळी रात्रीच काढून उशाशी वाटीत ठेवायला सुरुवात केली. म्हणजे डब्याला कुलूप आणि नेमकी नको ती गोळी बाहेर! ग्लिमेपिराइडसारखी शुगरची एकच गोळी लहान मुलाची साखर धोक्याइतकी उतरवू शकते, आणि तेही कधीकधी काही तासांनी, पोर छान खेळत असताना. शेवटी नेमक्या आकड्यांवर नेलपॉलिशचे जाड ठिपके दिले. आता ते चाचपून उघडतात, वाटी बंद झाली.

माझ्या बाळंतपणातल्या लोहाच्या लाल गोळ्या सगळ्यात आधी आत गेल्या. लोक त्यांना टॉनिक समजतात, पण लहान मुलाच्या पोटात जास्त गेल्या तर जिवावर बेततं. दिसतातही थेट जेम्ससारख्या. सगळ्या गोळ्या स्ट्रिपमध्येच ठेवते. सुट्ट्या काढल्या तर इथल्या दमटपणात लगेच मऊ पडतात, आणि स्ट्रिप असली की काय गिळलं ते डॉक्टरांना दाखवता येतं. खोकल्याच्या औषधाची बाटली मात्र उभी मावत नाही, गळते.

गणपतीत चाकरमानी आले की डबा निरुपयोगी. प्रत्येक पर्समध्ये गोळ्या, आणि पर्सा खाटेवर. दाराच्या वरच्या बाजूला खुंट्या ठोकून घेतल्या, पर्सा तिथे.

रॉकेल, फिनेल, उंदराचं औषध यांचा या डब्याशी संबंध नाही. ते बाहेरच्या खोलीत, कुलपात, मूळ बाटलीतच. रॉकेल पाण्याच्या बाटलीत ओतणारे आमच्या आळीत अजून आहेत. कोणी प्यायलंच तर उलटी करवायची नाही, मिठाचं पाणी तर नाहीच. उलटीतून रॉकेल फुप्फुसात जातं. डब्याच्या झाकणाच्या आत रुग्णवाहिकेचा 108 आणि दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा 1800 116 117 लिहून चिकटवलाय.

पुढच्या वेळी किल्लीचा घेऊ का? नको, आमच्याकडे किल्ली डब्यावरच राहील. हाच, फक्त उंचीला मोठा.