रंगाखाली आमचेच दोन पंच

एकूण सहा हजार चारशे रुपये गेले, त्यातले चौदाशे परत मिळाले. एवढ्या रकमेसाठी कुणी पानं भरत नाही. पण पैसे ज्या तऱ्हेनं काढले गेले, ती तऱ्हा माझ्या एकट्यावर वापरली असेल असं वाटत नाही, म्हणून लिहितोय. गॅरेजचं नाव विचारू नका.

गाडी वडिलांची. मारुती ८००, १९९४ चं मॉडेल, कार्बोरेटरवाली, पांढरी. घरातली पोरं तिला आता ‘क्लासिक’ म्हणतात, वडील ‘डबा’ म्हणायचे. दर पाच वर्षांनी आरटीओत नेऊन नोंदणी वाढवायची, पर्यावरण कर भरायचा आणि रविवारी तुळजापूर नाहीतर अक्कलकोट करून यायचं, एवढंच तिला काम. आमचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे. मागांच्या खडखडाटात माझं अर्धं आयुष्य गेलं. मोटर, पट्टा, बेअरिंग हे शब्द आमच्या घरात मीठ-मिरचीसारखे येतात. तरी फसलो.

जानेवारीतली गड्ड्याची जत्रा संपली की इथं सोलापुरात ऊन चावायला लागतं. फेब्रुवारीत एक दिवस सात रस्त्याच्या सिग्नलला उभा होतो आणि टेंपरेचरचा काटा लालकडे सरकला. सिग्नल सुटला, गाडी पळायला लागली, काटा खाली आला. पुढच्या रविवारी तुळजापूरला निघालो. साठच्या वेगानं तामलवाडीपर्यंत काटा मध्यावर गप्प. पुढं चढाला दुसऱ्या गिअरवर आलो की वर. देवळाजवळच्या गर्दीत तर बॉनेटमधून वाफ.

खरं तर निदान इथंच झालं होतं, मला ते वाचता आलं नाही. गाडी पळते तेव्हा समोरचा वाराच रेडिएटर थंड करतो. उभी राहिली की सगळा भार पंख्यावर. जुन्या फियाट-ॲम्बेसेडरला इंजिन गाडीच्या लांबीत बसवलेलं, पंखा पट्ट्यावर फिरायचा. इंजिन चालू तर पंखा चालू. मारुतीचं इंजिन आडवं. पंखा पट्ट्यावर घेता येत नाही, म्हणून विजेची मोटर, आणि पाणी तापलं की तिला चालू करणारा थर्मोस्विच. तेव्हा पळताना थंड आणि उभी असताना गरम होणारी गाडी असेल, तर आधी पंखा आणि त्याची वायरिंग बघायची. इंजिन खोलायची गोष्ट त्यानंतरची.

आमच्या कारखान्यात अण्णा म्हणून वायरमन आहेत. वय सत्तरीच्या पुढं, घरी तेलुगू, कामावर मराठी, चिडले की कन्नड. गाडीची वायरिंगही तेच बघायचे. पंख्याला चार पायांचा रिले, म्हणजे थोड्या करंटवर मोठा करंट चालू करणारा स्विच, त्यांनीच काही वर्षांपूर्वी टाकला होता. पण फेब्रुवारीत ते लेकीकडं सिरसिल्ल्याला गेले होते, बाळंतपण होतं, मेशिवाय येणार नव्हते. म्हणून मी गॅरेज शोधलं.

गॅरेजवाला बोलायला गोड. बॉनेट उघडलं, थर्मोस्विचचा प्लग काढून त्यात वायरचा तुकडा घातला. पंखा जरा हलला आणि थांबला. “काका, मोटर गेली. तुमच्यासमोर करून दाखवतो, नंतर म्हणू नका.” त्यानं मोटरचा प्लग सोडवला. बॅटरीच्या प्लसवरून एक वायर मोटरच्या एका टोकाला लावली. दुसऱ्या टोकाला काळी वायर जोडून तिचं दुसरं टोक शेजारच्या बोल्टला टेकवलं. पंखा ढिम्म. “डायरेक्ट करंट दिला तरी फिरत नाही. आता बोला.”

काय बोलणार? डोळ्यांनी बघितलं होतं. पण नीट बघितलं नव्हतं. त्या बोल्टवर रंग होता. रंगावर वायर टेकवली तर अर्थिंग, म्हणजे बॉडीतून बॅटरीच्या मायनसला परत जायची वाट, मिळत नाही, सर्किट पुरं होत नाही आणि जगातली कुठलीही मोटर फिरत नाही. मोटर तपासायची तर दोन्ही वायरी थेट बॅटरीवर हव्यात, एक प्लसवर आणि एक मायनसवर. चोवीस माग चालवणाऱ्या माणसाला हे त्या क्षणी सुचलं नाही, कारण समोरचा माणूस हात भरभर चालवत होता आणि तोंड त्याहून भरभर.

‘नवी’ मोटर दोन हजार आठशे, मजुरी तीनशे. खोकं दिसलं नाही. मोटर काळी चकचकीत होती, तेवढं बघितलं. जुनी मागितली तर म्हणाला, “स्क्रॅप घेऊन काय करता काका, घरात कचरा.” मलाही पटलं.

दहा-बारा दिवस पंखा झकास फिरला. मग पुन्हा तेच. दुसऱ्या खेपेला थर्मोस्विच साडेसहाशे, रिले साडेचारशे, मजुरी तीनशे. काढलेला स्विच त्यानं चुकून डिकीत टाकून दिला, ही माझी नशिबाची बाजू. आठवडाभर ठीक, पुन्हा गरम. तिसऱ्या खेपेला म्हणाला, मोटरचा लॉटच खराब आला होता, दुसरी टाकतो, तुम्ही अर्धेच द्या. ते चौदाशे. आणि “सध्या पंखा डायरेक्ट करून देतो, चावी लावली की फिरणार, टेन्शनच नाही”, त्याचे पाचशे. ती दुसरी काळी मोटर बसवताना मी नवी पेठेत गेलो होतो.

डायरेक्ट केल्यावर पंखा सतत फिरायचा, पण सुस्त. एप्रिल सरत आला होता, पारा बेचाळीसच्या पुढं. चौथ्यांदा गेलो तेव्हा त्यानं कपाळाला आठ्या घातल्या. आधी म्हणाला, पूर्ण वायरिंग बदला, साडेनऊ हजार. मी गप्प राहिलो तर म्हणाला, मला तर हेड गॅस्केटच गेलेलं दिसतंय, इंजिन खोलावं लागेल, बारा हजार धरून चाला. हेड गॅस्केट म्हणजे इंजिनच्या दोन भागांमधली, पाणी-ऑइल मिसळू न देणारी चकती. साडेनऊवर माणूस अडला तर बारा सांगायचे, हे गणित मला अजून कळलेलं नाही. पण तिथंच पहिल्यांदा संशय आला आणि गाडी घरी आणून उभी केली.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात अण्णा आले. गाडी कारखान्याच्या पत्र्याखाली घेतली. आधी त्यांनी सकाळी थंड इंजिनवर रेडिएटरचं झाकण उघडलं, गाडी चालू करून पाण्यात बुडबुडे येतात का बघितलं. येत नव्हते. ऑइलची डिपस्टिक काढली. ऑइल काळं, चहासारखं दुधाळ नाही. सायलेन्सरला पांढरा धूर नाही. “गॅस्केटला काय झालं नाय मालक.” बारा हजार वाचले, पाच मिनिटांत.

मग फ्यूजचा डबा उघडला आणि अण्णा कन्नडमध्ये काहीतरी बोलले. पंख्याच्या पंधरा अँपिअरच्या फ्यूजच्या जागी तांब्याच्या तारा पिळून घातल्या होत्या. म्हणजे वायर कुठं घासून बॉडीला लागली असती तर तुटायला काहीच नव्हतं, वायरच पेटली असती. पेट्रोलची गाडी, कार्बोरेटर तिथून हातभर अंतरावर. पैशांचा राग मला नंतर आला, ह्या तारांचा आधी आला. ह्याच गाडीतून महिनाभर नातीला शाळेत सोडत होतो.

डायरेक्टची वायर काढली, नवा फ्यूज टाकला, थर्मोस्विचचा प्लग वायरच्या तुकड्यानं जोडून पंखा चालू केला. “फिरालाय, पण जोर नाय.” आता मल्टिमीटर आला. इंजिन बंद, चावी चालू, पंखा फिरताना बॅटरीवर १२.२ व्होल्ट. मोटरच्या दोन टोकांवर फक्त ८.१. मग मधले चार व्होल्ट कुठं गेले?

हे शोधायची रीत मी वहीत लिहून ठेवली, तशीच इथं देतो. पंखा फिरत ठेवायचा. मीटरची एक तार बॅटरीच्या प्लसवर आणि दुसरी मोटरच्या प्लसवर धरायची. येणारा आकडा म्हणजे जाणाऱ्या वाटेवर वाया गेलेले व्होल्ट, आमच्या भाषेत गळती. आमची ०.३ आली, चालण्यासारखी. मग एक तार मोटरच्या मायनसवर आणि दुसरी बॅटरीच्या मायनसवर. इथं काही दशांश यायला हवेत. आले ३.८. म्हणजे फीड ठीक, परतीची वाट तुंबलेली. पंखा बंद ठेवून हे मोजलं तर काहीच दिसत नाही, कारण करंटच वाहत नसतो. टेस्ट लॅम्पही फसवतो. त्याला करंट इतका थोडा लागतो की कुजक्या जोडावरही तो लखलखीत पेटतो. दहा अँपिअर ओढणारी मोटर तिथंच अडखळते.

मोटरची अर्थिंगची वायर पुढच्या पट्टीवर हेडलाइटजवळ बोल्टखाली होती. मागच्या दिवाळीत एका रिक्षानं ठोकलं म्हणून पुढचं डेंटिंग-पेंटिंग दुसरीकडं करून घेतलं होतं. पेंटरनं पट्टी रंगवली आणि वायरचं टर्मिनल रंगावरच ठेवून बोल्ट आवळला. आट्यांतून जेवढी अर्थिंग मिळेल तेवढ्यावर मोटर चालायची. गॅरेजवाला दर खेपेला काम करताना तो बोल्ट ढिला करून पुन्हा आवळायचा, थोडा रंग खरचटायचा, दहा दिवस पंखा पळायचा आणि मला वाटायचं पार्ट नवा आहे म्हणून पळतोय. त्याला खरा फॉल्ट माहीत होता की नाही, ह्यावर माझा आणि अण्णांचा अजून वाद आहे. मी म्हणतो होता. अण्णा म्हणतात, “इतकी अक्कल असती तर दोन मोटरी बदलला असता होय?”

पॉलिश पेपरनं जागा पत्र्यापर्यंत घासली, नवं टर्मिनल दाबलं, दातेरी वॉशर घातला, वर व्हॅसलीन. खर्च चाळीस रुपये. परत मोजलं: अर्थिंगची गळती ०.१, मोटरवर ११.८. पंख्याचा आवाजच बदलला.

डिकीतला जुना थर्मोस्विच अण्णांनी घरच्या पातेल्यात तपासला. स्विच दोऱ्यानं पाण्यात टांगायचा, तळाला टेकू द्यायचा नाही, मीटर बीपवर, म्हणजे स्विच आतून जोडला गेला की वाजेल असा. पाणी उकळायच्या जरा आधी बीप सुरू झाली, पाणी निवल्यावर बंद. स्विच ठणठणीत होता. साडेसहाशे तेही पाण्यात. जुना रिले मात्र हाताला लागला नाही, म्हणून त्याच्याबद्दल बोलत नाही.

मग अण्णा पंख्यापाशी वाकले आणि बराच वेळ उठलेच नाहीत. कारखान्यातल्या प्रत्येक मोटरला ते दुरुस्तीनंतर पंचनं खूण करतात, म्हणजे कुठली कधी उघडली ते कळतं. २०१६ साली ह्या गाडीच्या पंख्याच्या मोटरचे कार्बन ब्रश त्यांनी बदलले होते, तेव्हाही सवयीनं दोन पंच मारले होते. त्यांनी ब्लेडनं काळा रंग खरवडला. खाली दोन ठिपके.

म्हणजे फेब्रुवारीत ‘गेलेली’ माझी मोटर त्यानं ठेवून घेतली आणि एप्रिलमध्ये रंग मारून मलाच चौदाशेला विकली. ज्या मोटरला करंट देऊनही ती फिरली नव्हती, तीच.

दुसऱ्या दिवशी अण्णांना घेऊन गेलो. आधी म्हणाला सप्लायरकडून आली. मी म्हटलं, सप्लायरकडं माझी मोटर गेली कशी? मग म्हणाला पोरानं अदलाबदल केली असेल. पोरगा तिथंच पाना घेऊन उभा होता, खाली बघत. अखेर ड्रॉवरमधून चौदाशे काढून दिले. बाकीच्या पैशांचं बोललो तर सरळ म्हणाला, “बिल दाखवा काका.” माझ्याकडं कॅलेंडरच्या पाठीवर लिहिलेले आकडे होते, ‘मोटर २८००’. यूपीआयनं दिलेले पैसे कुणा तिसऱ्याच्याच नावावर गेलेले. ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला फी लागत नाही, दोन वर्षांची मुदत असते, हे सगळं नंतर समजून घेतलं. पक्कं बिल असतं तर गेलो असतो. कॅलेंडरचं पान घेऊन जायची हिंमत झाली नाही. हा माझा आळसही म्हणा.

आता जूनमध्ये गाडी ठीक आहे. सात रस्त्याला काटा मध्याच्या थोडा वर जातो, पंखा घर्र करून लागतो, काटा खाली येतो. मोटर तीच, १९९४ ची.

पण मधल्या दोन महिन्यांत जी पहिली काळी मोटर माझ्या गाडीत होती, तीही कुणाच्या तरी गाडीतून काढलेली असणार, आणि ‘लॉट खराब’ म्हणून त्यानं ती परत ठेवून घेतली. सोलापुरात ह्या उन्हाळ्यात कुणी ८०० च्या पंख्याची मोटर बदलून घेतली असेल तर एकदा बॉनेट उघडून बघा. स्क्रूच्या खाचेत रंग बसलेला आहे का, खाचेच्या कडा आधीच झिजलेल्या आहेत का, मोटरमधून निघणारी वायर कडक पडून मध्येच टेपनं जोडलेली आहे का. तसं असेल तर गॅरेजमध्ये जाऊन तुमची जुनी मोटर कुठं आहे ते विचारा. एकटे जाऊ नका.