प्लायच्या होडीवर फायबर: काम चोख, एक घाई सोडली तर

देवबागला कर्ली खाडीत पर्यटकांना फिरवायला माझी सोळा फुटी होडी आहे. आयएस ७१० चा (पाण्यात टिकणाऱ्या प्लायचं भारतीय मानक) मरीन प्लाय, नऊ एमएम. जांभ्याच्या धक्क्यावर घासून आणि कालवांनी कापून तळाची पार चाळण व्हायला आली होती. म्हणून यंदा एप्रिलात कुडाळकडच्या एका छोट्या कारखान्यातून बाहेरून फायबर, म्हणजे काचेच्या धाग्याचा रेझीनमध्ये भिजवून चिकटवलेला थर, करून घेतलं.

आधी दुसरीकडे विचारलं होतं. तिथे पॉलिस्टर रेझीन (सुकून कडक होणारा चिकट द्रव) आणि मॅट (काचेच्या तुटक धाग्यांची न विणलेली चादर), भाव याच्या निम्म्याहून कमी. पण पॉलिस्टर लाकडाला मनापासून चिकटत नाही. कडेने ओल शिरली की पापुद्रा सुटतो, आमच्या वाडीत अशा दोन होड्या आहेत. कुडाळच्या कारखान्यातल्या पोराने सरळ सांगितलं, इपॉक्सी (दुसऱ्या जातीचं रेझीन) आणि काचेचं विणलेलंच कापड. मॅटचे धागे ज्या बाइंडरने धरलेले असतात तो पॉलिस्टरमधल्या स्टायरीनमध्ये विरघळतो. इपॉक्सीत स्टायरीनच नाही, मग मॅट भिजणार कशी? एवढं माहीत असलेला माणूस आपल्याकडे विरळा. पावसाळी बंदीच्या जून-जुलैत होडी वर ओढलेलीच असते, तेव्हा करूया म्हटलं, तर म्हणाला, "काकानू, पावसात मी ह्या काम करूचंय नाय."

काम बघायला बसलो होतो. आधी सगळ्या कडा गोल घासल्या, कारण काचेचा धागा धारदार कोपऱ्यावर वळत नाही, खाली हवा राहते. मग कापड पसरून रोलर. रेझीन मुरलं की कापड दिसेनासं होतं आणि खालच्या प्लायच्या रेघा स्वच्छ दिसतात. पांढरा ठिपका राहिला की तिथे कोरडं. असा एकेक ठिपका तो बोटाने दाबत फिरला. तळाला दोन थर, बाकी एक. वरून पीयू (पॉलियुरेथेन) रंग, कारण उन्हात इपॉक्सी उघडं टिकत नाही.

आता तक्रार. मागच्या फळीला इंजिनाची भोकं पाडली ती तशीच सोडली. प्लायला पाणी लागतं ते कडेतून आणि भोकातून, मग बाहेर कितीही कापड लावा. मी परत नेल्यावर भोकं मोठी करून इपॉक्सीने भरली आणि त्यातून पुन्हा पाडली. पैसे मागितले नाहीत, पण होडी नेण्या-आणण्याचा टेम्पो माझ्याच खिशातून.

आणखी एक. बाहेरच्या कापडाने घासणं थांबलं, होडी फारशी कडक झाली नाही. मधे उभं राहिलं की तळ अजून लवतो. तळ खाली वाकताना बाहेरचा थर ताणला जातो, आतला दाबला जातो. दोन्हीकडे काच असली तरच प्लायला खरा जोर येतो. हे त्याने आपणहून सांगायला हवं होतं. आतला थर दिवाळीनंतर, तिथेच करून घेणार आहे.

पाचपैकी चार. जाणार असाल तर मे उजाडायच्या आत नंबर लावा, आणि इंजिनाची भोकं तुमच्या डोळ्यांदेखत भरून घ्या.